धानाच्या गोदामातली जिम

धानाच्या गोदामात उंदीर कुठून येतात, हे आजवर कोणी सांगू शकलं नाही. एक दिसला की समजावं, पन्नास आहेत. किस्स्यांचं तसंच आहे. एक सांगायला बसलो की मागून दुसऱ्याची शेपटी दिसू लागते.

माझं गोदाम तिरोड्यात, बाजाराच्या मागच्या रस्त्यावर आहे. चाळीस वर्षं मी तिथे धान भरला. आता तिथे जिम आहे. जिथे थप्प्या लागायच्या तिथे आरसे लागले. पहाटे पाचला शटर मी उघडतो आणि दाराशी खुर्ची टाकून बसतो. बसलेल्या माणसाला सगळं दिसतं. उड्या मारणाऱ्याला काही दिसत नाही.

जिम चालवतो दुर्गेश. दवनीवाड्याचा पोरगा, सत्तावीस वर्षांचा. नागपूरच्या एका मोठ्या जिममध्ये चार वर्षं कोच होता. बाप वारला, आई एकटी शेत पाहू लागली, म्हणून होळीच्या सुमारास परत आला. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "काका, मंडईपर्यंत पाहतो. माणसं टिकली त राहतो. नाई टिकली त नागपूर. आरशाले कवायत शिकवून आईले काय सांगू?"

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. जत्राच ती. म्हणजे त्याच्याकडे आठ महिने होते.

पहिल्या आठवड्यात साठ माणसं आली. दुसऱ्या आठवड्यात एकोणीस.

०

दुर्गेशनं एक फॉर्म छापून आणला होता. नाव, वय, वजन आणि खाली एक प्रश्न : तुमचं ध्येय काय? नागपूरला लोक त्यात 'फिटनेस', 'स्टॅमिना' असं लिहितात म्हणे.

पहिली आली शकुंतलाबाई. पन्नाशीची. चोरखमाऱ्याच्या तलावाखाली शेत. शुगरची गोळी चालू, म्हणून डॉक्टरनं पाठवलेली. पाच जणी सोबत घेऊन आली. आमच्याकडे एकटी बाई अशा जागी जात नाही. सहा जणी कुठेही जातात.

"तुमचं ध्येय सांगा, मावशी."

"ध्येय कायचं गा?"

"म्हणजे जिमले कायले आल्या?"

"पोरीचं लगन आहे माघात. विहीणबाईपेक्षा बारीक दिसाचं आहे."

मागच्या पाच जणींनी माना हलवल्या. त्यांचंही तेच ध्येय!

दुसरे गुरुजी. निवृत्त मुख्याध्यापक. म्हणाले, "मला पंगतीत खाली बसता आलं पाहिजे."

"एवढंच, गुरुजी?"

"आणि उठताही आलं पाहिजे. कोणी हात न धरता."

तिसरा बंटी शेठ. कापडाचं दुकान. मूळ गोंदिया शहरातला, मराठी सगळी समजते, बोलतो हिंदी. म्हणाला, "सर, शेरवानी घुसनी चाहिए."

"शादी है घर में?"

"हो गई."

"किसकी?"

"मेरी! बाईस साल हो गए. बीवी बोलती है, एक बार पहन के दिखाओ."

सगळे गेल्यावर दुर्गेश फॉर्म घेऊन माझ्याकडे आला. "काका, सगळ्याईचं 'वेट लॉस' लिहून टाकू का?"

मी म्हणालो, "जे बोलले ते लिही. वेट लॉससाठी कोणी पहाटे उठत नाही. विहिणीसाठी उठतं."

त्यानं तसंच लिहिलं. ते फॉर्म आजही भिंतीला आहेत.

०

मग त्यानं आहाराचा कागद वाटला. वरच ठळक अक्षरात : भात खाऊ नये.

तिरोड्यात! जिकडे पाहावं तिकडे धानाच्या बांध्या, बांध घातलेली शेतं. इथे पोर दूध सोडतं ते भातावर आणि म्हातारा जग सोडतो तोही भातावर.

दुसऱ्या दिवशी दुर्गेशनं सगळ्यांना रांगेत उभं केलं. "काल कोणी भात खाल्ला?"

कोणी नाही.

त्याचा चेहरा खुलला. "गुरुजी, तुम्ही काय घेतलं?"

"पेज."

"ती तांदळाचीच असते ना, गुरुजी?"

"असते. पण ती पितात. तुझ्या कागदावर 'खाऊ नये' असं आहे. पिण्याबद्दल काही नाही. मी दोनदा वाचला."

"मावशी, तुमी?"

"म्या भाकर खाल्ली."

"शाबास. कायची?"

"तांदळाची."

"बंटी शेठ?"

"सर, मैंने तो चावल को हाथ भी नहीं लगाया. सिर्फ पोहा. दो प्लेट."

दुर्गेशनं डोकं धरलं. मग हळूच विचारलं, "मुरमुरे कोणी खाल्ले?" अकरा हात वर झाले.

त्याला राग आला. शिस्त, निर्धार, शुगर, सगळ्यावर बोलला. दहा मिनिटं. सगळे खाली माना घालून ऐकत होते. शकुंतलाबाई तेवढी ऐकत नव्हती. ती कोपऱ्यात त्याच्या पिशवीकडे गेली. दवनीवाड्याहून निघताना आई त्याला डबा बांधून देते. बाईनं डबा उघडला. वास घेतला. सगळ्यांना दिसेल असा वर धरला. पांढराशुभ्र भात, वर वरण, कडेला लोणचं.

"सर," ती म्हणाली, "नागपुरात याले काय म्हणतात?"

दुसऱ्या दिवशी नवा कागद आला. भात अर्धा, भाजी दुप्पट. गुरुजींनी तो वाचून पाहिला आणि विचारलं, "पेजेचं काय?"

०

नागपूरच्या जिममध्ये कोच ओरडतात. लोकांना ते आवडतं म्हणे. दुर्गेशही ओरडायचा. "कम ऑन! पुश! काय झालं? जेवला नाही का?"

इथे माणसांना सकाळी बायको ओरडते, दुपारी साहेब ओरडतो. पहाटेची ही एकच वेळ मोकळी असते. दर आठवड्याला दोन-तीन जण येईनासे झाले.

एक दिवस त्यानं गुरुजींना दहा बैठका सांगितल्या. गुरुजींनी आठ काढल्या आणि थांबले.

"दहा म्हटलं ना! आठवर कायले थांबून राहिले? माणूस मनानं हारते, गुरुजी, मनानं!"

 गुरुजींनी घाम पुसला. चष्मा लावला. त्याच्याकडे नीट पाहिलं. दुर्गेश लहानपणी त्यांच्याच हाताखाली शिकला, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"दुर्गेश, हात मागे. सतराचा पाढा म्हण."

"गुरुजी, आता?"

"आताच. तू एक पायरी म्हण, मी एक बैठक काढतो. तुझे दहा, माझ्या दहा."

दुर्गेशचे हात आपोआप मागे गेले. सतरा एके सतरा, गुरुजी खाली गेले, वर आले. सतरा दुणे चौतीस. खाली, वर. पाच झाले. सहा झाले. सातव्याला पोरगा डोळे मिटून म्हणू लागला. सतरा आठे एकशे छत्तीस. गुरुजी खाली, वर.

"सतरा नव?"

दुर्गेशनं वर पाहिलं. पंख्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली. मलाही येत नव्हता. माझी शाळा चौथीतच सुटली.

गुरुजी कमरेवर हात ठेवून उभे होते. "आठवर कशाला थांबून राहिलास? माणूस मनानं हारतो, दुर्गेश, मनानं!"

त्या दिवसापासून त्यानं ओरडणं सोडलं. ज्याला जमत नाही त्याच्या शेजारी उभा राहून तो स्वतः काढू लागला. आणि गुरुजींनी त्याला रोज एक पायरी पाठ करायला दिली. सतरा झाला, आता एकोणीस चालू आहे.

०

पुढचा किस्सा माझ्या चुकीचा आहे असं दुर्गेश म्हणतो. मी म्हणत नाही.

त्यानं वजनाचं काचेचं मशीन आणलं होतं. पातळ, हिरव्या आकड्यांचं. लोक त्यावर चढले की तोंड पाडून उतरायचे. बंटी शेठ तर तीन आठवडे घाम गाळून चढला आणि आकडा अर्धा किलो वर गेलेला. तो दाराशी येऊन बसला. "काका, मैं कल से नहीं आऊंगा."

शकुंतलाबाई म्हणाली, "या काचेवर माहा भरोसा नाई. वजन कराचं त धानाच्या काट्यावर करा. तो खोटं नाई बोलत."

माझा जुना काटा मागच्या बाजूला ताडपत्रीखाली होता. पोती तोलायचा, लोखंडी. मी तो काढला, झाडला. बंटी शेठला वर उभं केलं, वजनं लावली, दांडी जुळवली. पोत्याचं नि ओलाव्याचं वजन कापायची चाळीस वर्षांची सवय. मी नेहमीसारखा मोठ्यानं बोललो, "ब्याण्णव. बारदाना एक गेला, ओलावा दोन गेला. एकोणनव्वद!"

बंटी शेठनं उडीच मारली. "नवासी! नब्बे के नीचे! काका, जुग जुग जियो!" आणि पेढे आणायला पळाला. त्याला परत बोलवावं लागलं.

रांग लागली. सगळ्यांचा बारदाना कापला. सगळ्यांचा ओलावा कापला. शकुंतलाबाई उतरली तेव्हा पाच जणींकडे असं पाहिलं की विहीणबाई आताच हरली.

दुर्गेश मला बाजूला घेऊन गेला. "काका, माणसाले बारदाना नसते."

"कपडे आहेत ना."

"आन ओलावा?"

"पावसाळा तोंडावर आहे."

"काका, हे खोटं वजन आहे!"

"दर वेळी तेवढंच कापीन. कमी होईल ते खरंच कमी होईल. आणि बंटी उद्या येईल."

दुसऱ्या दिवशी बंटी शेठ पाचला दहा मिनिटं कमी असताना दारात उभा होता. मी शटरही उघडलं नव्हतं.

काचेचं मशीन आता दुर्गेशच्या आईकडे आहे. ती त्यावर कोंबडी उभी करते, असं ऐकतो.

०

हा छोटा आहे.

बायकांसाठी त्यानं एक नवा व्यायाम काढला. सहा जणी एका ओळीत. एक पाय टाकायचा, कमरेतून वाकायचं, दोन्ही हात पायाच्या बोटांपाशी, उठायचं, मग दुसरा पाय. असं करत आरशापर्यंत जायचं. "एका लायनीत, मावशी! कोणी मागं-पुढं नाई!"

लाईन अशी लागली की दोरी धरावी. वाकल्या तर सहा पाठी एका पातळीत. दुर्गेश खूश. तेवढ्यात त्याचा फोन वाजला, तो पाठ फिरवून बोलू लागला.

फोन ठेवून वळला तर आरशासमोर कोणी नाही.

सहाही जणी उलट्या चालत होत्या. वाकत, उठत, मागे सरकत, अगदी ताल धरून. शटरमधून बाहेर गेल्या होत्या. रस्ता अर्धा ओलांडला होता. एक ट्रॅक्टर थांबला होता आणि चालवणारा इंजिन बंद करून पाहत होता. शकुंतलाबाईची पाठ समोरच्या चहावाल्याच्या बाकाला लागली तेव्हा कुठे ती थांबली.

"मावशी!" दुर्गेश धावला. "पुढं जायाचं होतं, पुढं!"

बाई कमरेवर हात ठेवून सरळ झाली. ती जन्मभर धान रोवत आली आहे.

"पुढं गेलं त रोवलेलं तुडवते ना, बापा!"

०

मग रोवणा लागला आणि जिम रिकामी झाली.

रोवणा म्हणजे धानाची लावणी. तेव्हा आमच्याकडे दुसरं काही नसतं. पाणी आलं की पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटायचे, चिखल करायचा आणि बांधी भरून टाकायची. ज्याचं शेत नाही तोही कोणाच्या तरी बांधीत असतो. बंटी शेठचं दुकान ओस. गुरुजी भावाच्या शेतावर. पहाटे शटर उघडायचं आणि दुर्गेशनं आरशासमोर एकटं उभं राहायचं. दहा दिवस असे गेले.

अकराव्या दिवशी माझ्यासमोर त्यानं नागपूरच्या जिमला फोन लावला. म्हणाला, "सर, मंडई झाली की येतो. शब्द देतो." फोन ठेवला. 

मग अचानक त्याला राग आला. "काका, बसा गाडीवर. जाऊन विचारतो, न सांगता गैरहजर कायले राहता म्हणून."

गेलो. शकुंतलाबाईची बांधी तलावाच्या पाटाला लागून आहे. सगळी टोळी तिथे. दुर्गेशनं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून बोलायला सुरुवात केली. "मावशी, असं सोडलं त चार महिन्याची मेहनत पाण्यात..."

"सर," ती वाकलेलीच म्हणाली, "बूट काढा."

"का?"

"चिखलात बोलाचं त चिखलात या. वरून नाई."

त्यानं बूट काढले. पँट गुडघ्यापर्यंत वळली. उतरला. बाईनं त्याच्या हातात पऱ्ह्यांची पेंडी दिली. शेतकऱ्याचा पोरगा, पण चार वर्षं एसीत गेलेली. अर्ध्या तासात तो कमर धरून सरळ होऊ लागला. सरळ झाला की पाच जणी ओरडायच्या, "फोकस, सर, फोकस!"

दुर्गेशची एक खोड आहे. कोणी थकलं की तो म्हणतो, "शेवटचं एक!" आणि मग पाच करून घेतो.

"मावशी, झालं ना आता?" त्यानं विचारलं.

"शेवटची बांधी, सर."

ती झाली. तो धुऱ्याकडे निघाला. "शेवटची बांधी, सर!" तीही झाली. तिसऱ्या शेवटच्या बांधीनंतर तो धुऱ्यावर आडवा पडला. शकुंतलाबाई आली, वरून पाहिलं, आणि हळू आवाजात म्हणाली,

"रेस्ट घ्या, सर. तीस सेकंद."

परत येताना गाडी मी चालवली. त्याला बसवत नव्हतं, म्हणून मागे तो अर्धा उभा होता. दुसऱ्या दिवशी जिमच्या भिंतीवर त्यानं पाटी लावली : रोवणा करणाऱ्यांची हजेरी धरली जाईल. रोवणा संपला त्या सोमवारी सत्तावीस जण आले. पुढे चौतीस झाले. गळाले नाहीत.

पण नागपूरला शब्द जाऊन बसला होता.

०

आता शेवटचा.

दिवाळी झाली. मंडईला चार दिवस उरले. त्या सकाळी कसरत संपल्यावर दुर्गेशनं सगळ्यांना थांबवलं. आवाज बसलेला होता.

"उद्या सकाळी नागपूरचे साहेब येऊन राहिले. मले मोठा कोच करणार आहेत. त्याच्या आधी माहं काम पाहणार. तुमाले कसं शिकवलं ते पाहणार."

"आन तुमी जाणार?" शकुंतलाबाईनं विचारलं.

"शब्द दिला, मावशी."

"मन आहे का जावाचं?"

तो खाली पाहत राहिला. "मन कोण विचारते? दिलेला शब्द मी मोडत नाई. बापानं नाई मोडला कधी."

"त्या साहेबानंच नाई म्हटलं त?"

"तो कायले नाई म्हणेल? तुमाले आता नागपूरच्या पोट्ट्याईपेक्षा चांगलं येते." मग हसला थोडा. "उद्या नीट करा. माह्या इज्जतीचा सवाल आहे."

 गुरुजी चप्पल घालायला वेळ लावत होते. बंटी शेठ शकुंतलाबाईच्या मागोमाग निघाला. इतकंच मी पाहिलं.

सकाळी सहाला लांब काळी गाडी आली. साहेब उतरला. दंड असे की शर्टाची शिवण रडत होती. चौतीसच्या चौतीस जण हजर होते. असं पहिल्यांदाच झालं.

"चला," दुर्गेश म्हणाला. "बैठका. वीस."

शकुंतलाबाई अर्धी वाकली आणि शेजारणीच्या गळ्यात पडली. शेजारीण तिसरीच्या. सहाच्या सहा जणी खाली. उठायला दहा मिनिटं लागली. उठल्या तेव्हा एकीनं डंबेल डोक्यावर धरलं होतं, घागरीसारखं.

"मावशी!" दुर्गेशचा चेहरा उतरला. "काल चाळीस मारल्या तुमी!"

"काल कोण आलं होतं, सर? म्या त मंडईच्या सामानाले गेली होती."

साहेब गुरुजींकडे गेला. गुरुजी मोजत होते. "सहा, सात, नऊ, दहा, बारा..." साहेबानं विचारलं, "आजोबा, खांदा कुठला दाखवा." गुरुजींनी गुडघा दाखवला. पस्तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस! वर म्हणाले, "खांद्यापर्यंत अजून आलो नाही. आठ महिने झाले. सर म्हणतात, घाई नाही."

ट्रेडमिल बंद होती. बंटी शेठ त्यावर उभा राहून समोसा खात होता. गरम.

"ये क्या है?" साहेब म्हणाला.

"डायट," बंटी शेठ म्हणाला. "सुबह दो, शाम को दो. सर ने लिख के दिया है. आप लेंगे?"

 दुर्गेश एकदा याच्याकडे पाहायचा, एकदा त्याच्याकडे. पाठीमागे कोणीतरी दोरीवरच्या उड्या मारत होतं, दोरी न घेता. कोणी आरशाला नमस्कार करत होतं.

साहेब बाहेर आला. माझ्या खुर्चीपाशी थांबला. "काका, तुम्ही रोज इथे बसता?"

"रोज."

"हा पोरगा रोज शिकवतो यांना?"

"रोज."

"आठ महिन्यांत एकालाही साधी बैठक येत नाही?"

मी आत पाहिलं. चौतीस माणसं माझ्याकडे पाहत होती.

"नाही येत," मी म्हणालो. "पुढेही येईल असं वाटत नाही."

साहेबानं दुर्गेशला हाक मारली. दोन मिनिटं बोलला. पाठीवर थोपटलं, मयताच्या घरी थोपटतात तसं. गाडीत बसला. गाडी वळली, चौकातून गेली, दिसेनाशी झाली.

आत कोणी हललं नाही. बंटी शेठनं उरलेला समोसा खिशात घातला.

दुर्गेश परत आला. आरशासमोर उभा राहिला, आमच्याकडे पाठ करून.  त्याचे खांदे हलत होते. रडत होता की हसत होता, ते मागून कळत नव्हतं.

मग शकुंतलाबाई म्हणाली, "सर, चालू करा. अंग थंड होऊन राहिलं."

तो वळला. डोळे पुसले. शिट्टी तोंडात धरली.

"शंभर बैठका. सगळ्याईले. एक चुकली त पुन्हा एकपासून."

चौतीस माणसं एका दमात खाली गेली. सहा पाठी एका पातळीत. गुरुजी, बंटी शेठ, सगळे. आरसा हलेल अशी बैठक.

त्यानं शिट्टी थांबवली. दाराकडे पाहिलं.

"काका, तुमी बी."

मी चप्पल काढली.